सव्वा सुताचा छर्रा

दोनचाकी सायकलच्या चिमट्याचे छर्रे बिघडले की सायकल लगेच बोंब ठोकते. हँडल किंचित जरी अडकलं तरी ती सरळ चालत नाही, कारण सरळ चालणं म्हणजे तिच्या लेखी सतत जरा डावीकडे, जरा उजवीकडे वळत तोल सावरणं. हे सावरणं इतकं बारीक असतं की चालवणाऱ्यालाही कळत नाही. कळतं ते अडल्यावर. तीनचाकीचं तसं नाही. तिला तोल सावरायचा नसतो. छर्रे फुटोत, वाटीत खड्डे पडोत, ग्रीस वाळून खडखडीत होवो, ती उभी राहते आणि मुकाट चालते. जो त्रास छऱ्यांनी वाचवायचा तो चालवणाऱ्याच्या खांद्यांत जाऊन बसतो. खांदे दुखायला लागले की माणूस वयाला दोष देतो, रस्त्याला देतो, सुगीतल्या दगदगीला देतो. चिमट्याकडे कोणी बघत नाही.

अशा तीनचाकीसाठी एक गाव डोळ्यापुढे आणा: हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात, गोरेगाव आहे. तालुक्याची हद्द वाशीमच्या रिसोडला भिडते. काळी माती, सोयाबीन, तूर, हळद. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चाकाला धरून बसणारा चिखल. या भागात तीनचाकी म्हटलं की डोळ्यापुढे येते ती पाय साथ देत नाहीत अशा माणसाची, हातानं चालवायची गाडी. युरोप-ऑस्ट्रेलियातले हौशी लोक चालवतात ती तीनचाकी, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर मागे रेलून बसायची, पुढे दोन चाकं आणि मागे एक, ती इकडच्या रस्त्यांवरची नव्हे. पण दोघींच्या मानेत अवयव एकच आहे, आणि मला रस आहे तो त्या अवयवात. कवितेची एखादी ओळ पुन्हापुन्हा वाचावी आणि प्रत्येक वेळी तिच्यात आधी न दिसलेलं काही दिसावं, तशी ही जागा आहे. तीन-चार इंचांची उंची, पण रचना फार विचारानं केलेली.

आधी एक गैरसमज बाजूला करू. हातानं चालवायची तीनचाकी म्हणजे सायकलची लंगडी नक्कल, असं वाटण्याची सवय आपल्याला आहे. इतिहास उलटा आहे. न्युरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावात स्टेफान फार्फलर नावाचा घड्याळजी होता. त्याचे पाय चालत नव्हते. १६५५ साली, विशीत असताना, त्यानं स्वतःसाठी तीन चाकांची खुर्ची बनवली आणि हातांनी दांडे फिरवून पुढचं चाक चालवायची सोय केली. पेडलची सायकल यायला त्यानंतर दोनशे वर्षं लागली. म्हणजे या घराण्यात थोरली पाती हातगाडीचीच. फार्फलरजवळ दात्यांची चाकं होती, घड्याळजीचा हात होता. नव्हते ते छर्रे. सायकलीत ते १८६९ साली आले, पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांच्या पेटंटमधून. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ अशी लांब पल्ल्याची शर्यत जेम्स मूर यांनी जिंकली, आणि त्यांच्या गाडीत सुरिरे यांचे छर्रे होते असं सांगतात. पण छर्रा बनवणं वेगळं आणि एकसारखे हजार छर्रे बनवणं वेगळं. ते गणित सुटलं १८८३ मध्ये, जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला, फ्रीड्रिश फिशर यांनी पोलादाचे गोळे नेमके गोल घासणारं यंत्र काढलं तेव्हा. आज दुकानात मुठीनं मिळणाऱ्या छऱ्यांमागे ते यंत्र आहे.

आता जागा नीट बघू. फ्रेमच्या पुढच्या टोकाला एक उभी, किंचित मागे कललेली नळी असते. तिच्यातून चिमट्याची नळी खालून वर जाते. या दोन नळ्या एकमेकींना कुठेही शिवत नाहीत. मधे दोन कडी असतात, एक वर, एक खाली. प्रत्येक कड्यात एका बाजूला वाटी, दुसऱ्या बाजूला कोन आणि दोहोंच्या मधे छर्रे. साध्या गाडीच्या चिमट्यात बहुधा पाच-बत्तीसांश इंचाचा छर्रा असतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, तेव्हा कारागिराच्या मापानं हा सव्वा सूत. पुढच्या चाकात दीड सूत चालतो, मागच्या चाकात दोन सूत. चाकातला छर्रा दिवसभर गरगर फिरतो. चिमट्यातल्याच्या नशिबी ते नाही. हँडल कितीही वळवा, तो एका वळणात वाटीची पाव प्रदक्षिणासुद्धा पुरी करत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण त्याचं सगळं दुःख याच न फिरण्यात आहे.

खालच्या कड्यावर वजन येतं, वरचं कडं चिमटा सरळ धरून ठेवतं. खालची वाटी बहुतेक गाड्यांत पालथी असते आणि नेमकं तिच्याखाली पुढचं चाक फिरत असतं. चाकानं उडवलेलं पाणी, माती, शेणाचा चिखल, सगळं त्या पालथ्या वाटीत जायला टपलेलं. वरच्या वाटीला पावसाचं भय, खालचीला रस्त्याचं. म्हणून एकाच वयाची दोन कडी उघडली तर वरचं पुष्कळदा चकचकीत सापडतं आणि खालचं तांबारलेलं. ज्याला वेळ कमी आहे त्यानं वरचं सोडून खालचं बघावं, पण खालचं बघायचं तर सगळा चिमटा उतरवावा लागतो, आणि इथंच आळस होतो.

दुचाकीत आणि तीनचाकीत छऱ्यांवर येणारा भार एकसारखा नसतो. दुचाकीस्वार वळणावर कलतो. त्याच्यासोबत गाडी कलते, चिमटा कलतो, आणि जोर चाकाच्या पात्यातूनच सरळ वर चढतो. चिमट्याच्या छऱ्यांना वाटतं, नेहमीचंच वजन आहे. तीनचाकी कलत नाही. वळणावर तिला बाहेर फेकू पाहणारा जोर आडवा येतो आणि पुढच्या चाकाच्या वाट्याचा आडवा धक्का चिमट्यातून वर जाऊन वाटीच्या एका बाजूला दाबतो. दाबली जाणारी बाजू वळणागणिक बदलते. गावच्या रस्त्याला मधे उंची आणि कडेला उतार असतोच. त्या उतारावर दुचाकीस्वार उभाच राहतो, तीनचाकी मात्र रस्त्याबरोबर तिरपी होते आणि चाक खालच्या बाजूला ओढ घेतं. ती ओढ हातांनी अखंड सांभाळावी लागते.

त्यात हातपेडलची भर. या गाड्यांचे प्रकार आहेत; काहींत एका हातानं पेडल फिरवायचं आणि दुसऱ्यानं दांडा धरून वळवायचं असतं, काहींत पेडल चिमट्यावरच बसवलेलं असतं आणि साखळी थेट पुढच्या चाकाला जाते. या दुसऱ्या प्रकारात जो हात गाडी चालवतो तोच ती वळवतोही. पेडलं उलटसुलट बसवलेली असली तर एक हात ढकलतो त्या क्षणी दुसरा ओढतो, आणि या ओढाताणीत चिमटा दर फेऱ्याला कणभर डावीकडे, कणभर उजवीकडे जायला बघतो. चालवणारा तो खांद्यांनी अडवून धरतो. छर्रे चांगले असतील तर अडवणं सोपं, कारण चाक हाताचं ऐकतं. छर्रे बिघडले की चाक आधी ऐकत नाही आणि मग एकदम ऐकतं.

हे “एकदम” कुठून येतं? बिघडलेली वाटी धुऊन उन्हात धरली तर तिच्या पृष्ठावर रांगेनं खळगे दिसतात. जितके छर्रे तितके खळगे, आणि चाक नाकासमोर सरळ असताना प्रत्येक छर्रा आपापल्या खळग्यात बसतो. वळवायचं तर सगळ्या छऱ्यांना एकाच वेळी खळग्याचा काठ चढवावा लागतो. म्हणून हँडल मधोमध आलं की खट्ट करून बसतं. आपल्याकडे याचं ठरलेलं स्पष्टीकरण असं की रस्ते खराब, खड्ड्यात गाडी आपटली, छऱ्यांनी वाटीला ठोकलं. पटण्याजोगं आहे, बाहेर खड्डे, आत खड्डे. स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनी १९०० साली धातूचा कठीणपणा मोजायची जी रीत मांडली तीही अशीच: पोलादाचा गोळा धातूवर दाबायचा आणि उमटलेला खळगा मोजायचा. पण त्या प्रमाण चाचणीत दहा मिलिमीटरच्या एकाच गोळ्यावर तीन हजार किलोंचा भार देतात. चिमट्यात विसाहून जास्त छर्रे वजन वाटून घेतात आणि वाट्या कठीण केलेल्या पोलादाच्या. निव्वळ आपटण्यानं इतके सुबक खळगे पडणं अवघड आहे. ‘द बायसिकल व्हील’ लिहिणारे जॉब्स्ट ब्रँट हा मुद्दा वर्षानुवर्षं लावून धरत राहिले.

खरा मामला वंगणाचा आहे. छर्रा पूर्ण लोळतो तेव्हा आपल्यासोबत ताजं ग्रीस ओढून आणतो. तो जागच्या जागी केसभर थरथरत राहिला तर समोरचं ग्रीस बाजूला सरतं आणि परत येत नाही. धातू धातूला लागतो. दोन्हींचे कण क्षणभर चिकटतात, पुढच्या थरथरीत तुटतात, तुटलेले कण गंजून तांबडी भुकटी होते आणि ती भुकटी पुन्हा घासकाम करते. खळगा ठोकून पडत नाही, कुरतडून पडतो. मला या सगळ्या रचनेतलं हे सर्वांत विलक्षण वाटतं. छऱ्याला मारतो तो खड्डा नव्हे. सरळ, लांब, वळण नसलेला रस्ता मारतो. ज्या रस्त्यावर चालवणाऱ्याला सर्वांत कमी कष्ट, त्याच रस्त्यावर छर्रा एका ठिकाणी उभा राहून झिजतो.

यावरून एक साधी सवय सुचते. गाडी उभी असताना पुढचं चाक जरा उचलून चिमटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवावा. छर्रे लोळतात, ग्रीस पसरतं. दोनचाकीवाल्याला हे रोजच्या वळणावळणांत बहुतेक आपोआप घडतं. तीनचाकीचं वळणं बेताचं, म्हणून मुद्दाम करावं.

आता कसण्याविषयी. सायकलवाल्याकडे गाडी आली की मालकाची मागणी ठरलेली: “हँडल लई हलतंय, जरा कसून द्या.” आणि कसून दिलं की खरंच बरं वाटतं. घट्ट चिमटा थरथरत नाही, रस्त्याच्या उताराची ओढ हाताला जाणवत नाही, गाडी शहाण्यासारखी सरळ जाते. हे बरं वाटणं फसवं आहे. ओढ गेलेली नसते, घर्षणानं झाकलेली असते, आणि त्या घर्षणाची किंमत प्रत्येक वळणाला हात मोजतात. उलट ढिला चिमटा निदान खडखडून सांगतो तरी. दोहोंत निवडायचंच तर माझं मत ढिल्याच्या बाजूनं पडेल, पण निवडायची वेळ येऊ नये इतकी बारीक सोय या जागेत करून ठेवली आहे.

वरचा कोन आट्यांवर बसतो. त्याच्या वर एक वायसर, ज्याला आतून जीभ असते आणि ती चिमट्याच्या नळीवरच्या खाचेत जाते. सगळ्यात वर लॉकनट. जीभ कशाला? लॉकनट फिरवताना त्याच्या घासणीनं खालचा कोन सोबत फिरू नये म्हणून. मधला तो पातळ तुकडा वरच्याची गडबड खालच्यापर्यंत पोचू देत नाही. जुन्या गाड्यांत हा वायसर हरवलेला असतो आणि त्या जागी साधा वायसर येतो. मग कितीही नेमकं लावा, लॉकनट आवळताना ते बिघडतं आणि कारागीर उगाच बदनाम होतो.

कोन बोटांनी फिरवायचा, पान्यानं नाही. छर्रे दोन्हीकडून टेकले की बोटाला कळतं. तिथून किंचित मागे घ्यायचा. हे मागे घेणं का, हे ज्याला कळलं त्याला ही जागा कळली. आट्यांमध्ये नेहमी कणभर मोकळीक असते. वरून लॉकनट दाबला की कोन त्या मोकळिकीइतका खाली सरकतो. म्हणजे लॉकनटच्या आधी जे अगदी बरोबर वाटतं ते नंतर घट्ट होणार. म्हणून आधी जाणूनबुजून थोडं चुकीचं लावायचं, पुढचा दाब त्यात धरून. मग एका पान्यानं कोन धरायचा, दुसऱ्यानं लॉकनट आवळायचा. एकच पाना घेऊन हे काम करणारा कारागीर कितीही अनुभवी असो, अंदाजावर चालतो.

तपासणीही दोन्ही अंगांनी हवी. ढिलेपणासाठी पुढचं चाक अडवून गाडी मागेपुढे हलवायची आणि बोटाचं टोक वाटी-कोनाच्या फटीवर ठेवायचं. डोळ्याला दिसणार नाही अशी टिकटिक बोटाला लागते. घट्टपणासाठी पुढचं चाक उचलायचं आणि चिमटा अलगद सोडून द्यायचा. तो आपल्या वजनानं एका बाजूला पडला पाहिजे, वाटेत कुठे न थबकता. मधे थबकला तर खळगे. सगळीकडे जड असला तर कसणी जास्त. एका बाजूला हलका आणि दुसऱ्या बाजूला जड असला तर वाटी वाकडी बसली आहे किंवा नळी वाकली आहे, आणि त्यावर पाना हे उत्तर नव्हे.

मागे रेलून बसायच्या तीनचाकीत हेच सगळं दोनदा करावं लागतं. पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र खुंट आणि स्वतंत्र छर्रे, आणि दोहोंना जोडणारा आडवा दांडा. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे. ही रचना म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर या गाडीकारागिराची, पण १८१८ साली लंडनमध्ये तिचं पेटंट काढणाऱ्या अ‍ॅकरमन या चित्रं आणि पुस्तकं विकणाऱ्या प्रकाशकाचं नाव तिला चिकटलं. आडवा दांडा जोडलेला असताना छर्रे तपासणं व्यर्थ, कारण एका चाकाचा जडपणा दुसऱ्या चाकाच्या हलकेपणात लपतो. दांडा सोडायचा, दोन्ही खुंट वेगवेगळे वाचायचे, मग दांडा जोडून दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं. पुढून एक-दोन मिलिमीटर कमी असलं तर ठीक. छर्रे ढिले असतील तर हे माप उभ्या गाडीत एक आणि ब्रेक लावल्यावर दुसरंच, आणि टायर कशानं खाल्ले जातात ते कळत नाही. कोड्याचं उत्तर टायरमध्ये शोधू नये.

परत आपल्या गाडीकडे. कानपूरच्या भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमात, म्हणजे अलिम्कोत, अशा गाड्या बनतात. १९७२ साली निगम स्थापन झालं, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं, आणि १९८१ पासून केंद्राच्या एडिप योजनेतून शिबिरांमध्ये साहित्य वाटलं जातं. मंडप, हार, रांगेत नव्या गाड्या, फोटो. गाडी मिळणं ही मोठीच गोष्ट. ज्याला घराच्या उंबऱ्यापलीकडचं जग दुसऱ्याच्या पाठीवरून बघावं लागत होतं त्याला ती काय आहे हे मी सांगायला नको. पण याच योजनेच्या नियमात एकदा साधन घेतलं की तीन वर्षं पुन्हा मिळत नाही असंही आहे. तीन वर्षं म्हणजे तीन पावसाळे. चिमटा न उघडता, कोरड्या छऱ्यांवर तीन पावसाळे काढायचे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. हारांच्या खर्चात दोन पाने आणि ग्रीसचा डबा बसला असता. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून गावच्या सायकलवाल्याला वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, गावातल्या सगळ्या तीनचाक्या उघडून देण्याचं काम दिलं तर कोणाचं काय बिघडेल? दुरुस्तीला आपण हलकं काम समजतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून उभा राहिला, हे मराठी माणूस भाषणात सांगतो आणि सायकलच्या दुकानापुढून मान वळवून जातो.

खेड्यात देखभाल होत नाही असं नाही, चुकीची होते. चिमटा कुरकुरला की ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑइल वरून ओततात. कुरकुर तासाभरात थांबते. ते पातळ ऑइल उरलंसुरलं ग्रीस धुऊन खाली नेतं, आणि मग उन्हाळ्यातली धूळ त्यावर बसून काळी लापशी होते. त्याऐवजी ट्रॅक्टरसाठी आणलेलं साधं ग्रीस चालतं, भारीतलं काही लागत नाही. धुवायला पूर्वी रॉकेल असे. रेशनचं रॉकेल गेलं, आता डिझेल. धुऊन, पुसून, पूर्ण कोरडं करून वाटी ग्रीसनं भरायची आणि छर्रे त्यात एकेक बसवायचे. ग्रीस त्यांना धरून ठेवतं, पालथ्या वाटीतही.

छर्रे बहुतेक वेळा पिंजऱ्यात येतात. पिंजरा सोयीचा आहे आणि घाईचा शत्रूही, कारण तो उलटा बसला तर छऱ्यांऐवजी पिंजऱ्याचा पत्राच कोनावर घासतो. वाटीत खळगे पडले असतील आणि नवी वाटी हिंगोलीहून यायला वेळ असेल तर जुना कारागीर पिंजरा फेकून देतो आणि सुटे छर्रे भरतो. पूर्ण भरायचे आणि एक काढायचा, म्हणजे लोळायला जागा राहते. पिंजऱ्यात असतात त्यांहून सुटे दोन-चार जास्त मावतात. संख्या बदलली की खळग्यांच्या आणि छऱ्यांच्या रांगा जुळत नाहीत. एक खळग्यात असतो तेव्हा शेजारचा काठावर असतो, आणि मधोमधची ती खट्ट नाहीशी होते. वाटी तीच, झीज तीच, फक्त सर्वांनी एकदम पडायचं थांबलं. याहून सुंदर तडजोड मी यंत्रांत फारशी पाहिलेली नाही. ती कायमची नव्हे, पण एक सुगी निघते.

नवा संच बसवला तरी काम त्याच दिवशी संपत नाही. ठोकून बसवलेल्या वाट्या फ्रेममध्ये पक्क्या व्हायला काही दिवस घेतात, आणि त्या बसल्या की वर मोकळीक तयार होते. म्हणून पंधरा दिवसांनी गाडी परत आणायला सांगायचं, बोट फटीवर ठेवायचं, लागलं तर कोन पाव फेऱ्याहून कमी फिरवायचा. आणि गाडी आणताना मालक ती स्वतः चालवत आला की मागून कोणी ढकलत आणली, हेही सायकलवाल्यानं बघून ठेवावं.